साडेसोळा इंच

बॉल कडेला न लागता गेला
तेव्हा मला वाटलं, यांची रिंग चुकली आहे.
एवढी मोठी असते कुठे?
विहिरीत घागर सोडावी तसे
पाच सोडले, पाचही गेले.
खैरे मॅडमनी शिट्टी तोंडातून काढली
आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दापोडीची आमची रिंग पप्पांनी केलेली.
एसटीच्या वर्कशॉपात दिवसभर पत्रे सरळ करायचे,
एका संध्याकाळी सळई वाकवली.
माप कुणाला विचारलं नाही.
"बॉल आत गेला म्हणजे झालं," म्हणाले,
आणि टाकीच्या खांबाला वेल्डिंग मारलं.
सात वर्षं ती रिंग
आमचे दहातले सात बॉल परत पाठवत राहिली.
आम्हाला वाटायचं, खेळ असाच असतो.

नववीत मम्मीने चौकटीवर खूण करणं बंद केलं.
पाच फूट दहा.
"पुढे मोजायचं नाही. मोजलं की वाढतं."

ट्रायलला चौदा जणी होतो, जागा दोन.
बाकीच्यांना गुडघ्याच्या पट्ट्या, स्वतःच्या बाटल्या,
आणि आपसात इंग्रजी.
माझे बूट खडकी बाजारातले, पुरुषांचे, नऊ नंबर.
फिलोमिनाचे तिच्या भावाचे, पुढे कापूस कोंबलेला.
फिलो पाच फूट एक.
ती मान वळवत नाही,
मी कुठे आहे ते तिला पाठीने कळतं.
मॅचमध्ये माझे बावीस झाले,
त्यातले अठरा तिच्या हातून आलेले.
मी फक्त हात वर ठेवला होता.

यादीत मी दुसरी.
फिलो प्रतीक्षेत, तिसरी.

"मॅडम, पास तिचे होते."
"दिसलं मला," मॅडम म्हणाल्या,
"पण उंची शिकवता येत नाही गं."
मग पास येतो का शिकवता,
हे मी विचारलं नाही.
आत्ता लिहिताना विचारतेय.

बसमध्ये फिलोने खिडकी घेतली.
बोपोडीच्या सिग्नलपर्यंत गप्प.
मग म्हणाली,
"तुझे पाय केवढे बाहेर येतात गं, कंडक्टर पडेल."
आणि दोघी हसलो, जरा जास्तच.

अर्ज: अकरावी, कला. टक्के एकसष्ट.
कोटा: क्रीडा.
पप्पांच्या सहीशेजारी काळं बोट उमटलं,
ते पुसायला गेले तर पसरलं.
"फी?"
"अर्धी माफ. बूट कॉलेजचे."
"आणि फिलो?"
मम्मीने कुकरची शिटी मोजायला सुरुवात केली.

दाखला द्यायला पप्पा कॉलेजात आले
ते टेप खिशात घालूनच.
वॉचमनचं स्टूल मागितलं,
त्यावर चढले, चवड्यांवर उभे राहिले.
दोन मुलं मोबाईल बाजूला ठेवून बघत होती.
मला लपावंसं वाटलं, आणि लपले नाही.
"अठरा," वरूनच म्हणाले.
खाली उतरून टेप गुंडाळत राहिले, फार वेळ.
"म्हणजे दीड इंच मी खाल्ला तुमचा."

महिनाभराने, रविवारी,
करवत आणि नवी सळई घेऊन ते टाकीपाशी गेले.
फिलो तिथेच होती, एकटी,
संध्याकाळच्या कॉमर्सला पिंपरीत नाव घातलेलं,
हातात आमचाच जुना, टक्कल पडलेला बॉल.
"काका, कापू नका," म्हणाली,
"पुढच्या वर्षी परत ट्रायल आहे."

पप्पा करवत मांडीवर घेऊन कठड्यावर बसले.
फिलोने माझ्याकडे न बघता बॉल टाकला,
बरोबर हातात.
मी मारला.
कडेला लागून परत आला.